घाट उतरणाऱ्यांचे हवामान

(ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने मार्च २०२२ मध्ये एक ठराव करून २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. या ठरावासाठी मंगोलियाने पुढाकार घेतला, आणि त्याला कारणही तसेच होते. त्या देशात 'झुड' नावाचे एक संकट येते. उन्हाळा कोरडा जातो, गवत अपुरे वाढते आणि मागाहून येणाऱ्या हिवाळ्यात जमिनीवर बर्फाचा असा कठीण थर बसतो की जनावराचे तोंड गवतापर्यंत पोचत नाही. २००९-१० च्या झुडमध्ये तिथे ८० लाखांहून अधिक जनावरे मेली. २०२३-२४ च्या हिवाळ्यात पुन्हा ७० लाखांहून अधिक गेली. पूर्व आफ्रिकेत २०२० च्या अखेरीपासून लागोपाठ पाच पावसाळे कोरडे गेले आणि सोमालिया, इथिओपिया व केनियातील पशुपालकांचे कळपच्या कळप नष्ट झाले. या घटनांची वार्ता जगाला कळली, याचे बरेचसे श्रेय नभोवाणीच्या वार्ताहरांना दिले पाहिजे. ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन ते तंबूतंबूंतून हिंडले आणि मेंढपाळाचे म्हणणे त्याच्याच आवाजात त्यांनी परदेशातील श्रोत्यांना ऐकविले.

दूरच्या पशुपालकांविषयी सहानुभूती वाटावी, हे योग्यच आहे. परंतु दिवाळी उलटली की माळशेज घाटातून मुरबाड तालुक्यात मेंढरांचे कळप उतरू लागतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड असते आणि त्यावर कोंबड्या व कधी एखादे लहान मूलही बसविलेले असते. कल्याणच्या रस्त्यावरील मोटारी क्षणभर थांबतात, भोंगे वाजवतात आणि पुढे जातात. पारनेर तालुक्यातील ढवळपुरी व आसपासची गावे, तसेच जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडील वस्त्या येथून निघालेल्या या धनगर कुटुंबांचा हवामान बदलाशी काय संबंध आहे, हा प्रश्न मुरबाड-शहापुरात फारसा कुणी विचारत नाही. आजच्या विवेचनाचा विषय तोच प्रश्न आहे.

या स्थलांतराकडे निरुद्देश भटकंती म्हणून पाहण्याची सवय शिकलेल्या माणसाला लागलेली आहे. वास्तविक पाहता ती एक अत्यंत हिशेबी उत्पादनपद्धती आहे. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. पारनेरसारख्या तालुक्यात वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पौष-माघात माळावर गवताची काडी उरत नाही. घाटाखाली मात्र दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. भात कापून झाल्यावर खाचरांत धसकटे, बांधावर गवत आणि झाडांवर पाला असतो. परंतु तोच पावसाळा दख्खनी मेंढीला मानवत नाही. सततच्या ओलीने तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात देशावर आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात कोकणात, असा क्रम पिढ्यान् पिढ्या बसला. घाटाच्या एका बाजूला जे नाही ते दुसऱ्या बाजूला आहे, आणि चालण्याच्या श्रमांनी या दोहोंची सांगड घालणारा माणूस मेंढपाळ आहे.

या व्यवहाराची दुसरी बाजू शेतकऱ्याची आहे. कोकणातील मुसळधार पावसाने खाचरांतील सत्त्व वाहून जाते. हे सत्त्व परत मिळविण्यासाठी ठाणे-कुलाब्याचा शेतकरी झाडांच्या फांद्या व पालापाचोळा जाळून रोपांची जमीन भाजत असे. त्यालाच राब म्हणतात. राबासाठी लागणाऱ्या फांद्यांवर इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने निर्बंध घातले तेव्हा या दोन जिल्ह्यांत एवढा असंतोष माजला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या मुंबई जंगल आयोगाचा अहवाल १८८७ चा आहे. राबाइतकाच जुना दुसरा उपाय म्हणजे शेतात मेंढरे बसविणे. वाघूर लावून रात्रभर कळप एका खाचरात कोंडला की लेंडी व मूत्र जागच्या जागी मातीत मुरते. वाहतूक नाही, पसरण्याची मजुरी नाही. मोबदला म्हणून शेतकरी पूर्वी भात देई, आता बहुधा रोख रक्कम देतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला विनिमय म्हणतात तो येथे बाजाराच्या मध्यस्थीवाचून होतो. कोणत्याही बँकेच्या कर्जाची किंवा खत कंपनीच्या अनुदानाची त्याला गरज पडलेली नाही. अशा व्यवहाराची राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात जवळजवळ नोंदच होत नाही. ज्याची नोंद नाही त्याचे रक्षण करण्याची बुद्धी शासनाला होणार कशी?

नोंदीचा मुद्दा साधा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील मेंढ्यांची संख्या सुमारे २७ लाख आली. पण त्यांतील किती फिरत्या आहेत, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नाही. गणना घर पाहून होते आणि मेंढपाळाचे घर वर्षातील बरेच महिने रस्त्यावर असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत प्रथमच भटक्या पशुपालकांची जनावरे वेगळी नोंदविण्याचे ठरले. स्वातंत्र्य मिळून सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर हे सुचले. उशिरा सुचले तरी चांगले सुचले, असेच म्हटले पाहिजे.

आता हवामानाकडे वळू. या उत्पादनपद्धतीचा सारा डोलारा एका गृहीतावर उभा आहे. दिवाळीनंतर पाऊस थांबतो आणि मृगापर्यंत पुन्हा येत नाही, हे ते गृहीत. उघड्या रानात वाघुरीच्या आधारे जनावर राखणाऱ्याला दुसरे छप्पर नसते. हे गृहीत आता ढासळत चालले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यातील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दिसून आले. कारण दुर्बोध नाही. समुद्र तापला की बाष्प वाढते, आणि हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे साठलेले पाणी मग आपल्या सोयीच्या तिथीला पडत नाही.

मेंढपाळाच्या पंचांगाशी हे ताडून पाहावे. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखी चक्रीवादळामुळे मुंबई-ठाण्यात पाऊस झाला. त्या वेळी कळप कोकणात उतरलेले असतात किंवा वाटेवर असतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. ती वेळ कळप घाट चढण्याच्या तयारीत असण्याची. त्याच वर्षी १ व २ डिसेंबरला अवकाळी पाऊस आणि बोचरे वारे एकत्र आले, आणि माळशेजच्या माथ्याकडील जुन्नर, आंबेगाव आणि आसपासच्या तालुक्यांत एका रात्रीत शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. मेंढीच्या अंगावर लोकर असते, तिला थंडीचे काय, असे शहरात विचारले जाते. लोकर कोरडी असेपर्यंतच ऊब देते. भिजल्यावर तीच ओझे होते, आणि त्यावर वारा सुटला की शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. कोकरे आणि गाभण मेंढ्या आधी जातात. जी वाचतात त्यांच्यामागे पुढील काही आठवडे रोग लागतात. अवकाळी पावसाने कोवळे गवत उगवते, ते अधाशीपणे खाल्ल्याने आंत्रविषार होतो. साचलेल्या ओलीत वाढणाऱ्या चिलटांमुळे नीलजिव्हा पसरतो. वर्तमानपत्रात छापून येणारा मृत्यूंचा आकडा पहिल्या रात्रीचा असतो. त्यानंतरच्या महिन्याचा आकडा कुठेच छापून येत नाही.

या ठिकाणी नुकसानभरपाईच्या नियमांकडे पाहणे आवश्यक आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निवारण निधीचे जे निकष ठरले त्यांनुसार एका मेंढीमागे ४,००० रुपये मिळतात, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त ३० लहान जनावरांची भरपाई मिळते. या रकमेत बाजारात मेंढी येत नाही. पण रकमेपेक्षाही अडचण पद्धतीची आहे. भरपाईसाठी पंचनामा लागतो. जनावर मेले मुरबाड तालुक्यात, मालकाची शिधापत्रिका पारनेरची, बँकेचे खाते तिसऱ्याच गावी. तलाठी येईपर्यंत मेलेल्या मेंढ्यांजवळ थांबावे, तर जगलेल्या मेंढ्यांना चारा नाही. कळप पुढे न्यावा, तर पुरावा मागे राहतो. स्थिर शेतकऱ्याला डोळ्यांपुढे ठेवून केलेला नियम फिरत्या माणसाला असा अन्याय्य ठरतो, आणि हा अन्याय करण्यासाठी कुणा अधिकाऱ्याने दुष्ट असण्याची आवश्यकता नसते.

तथापि साऱ्या हालअपेष्टांचे खापर आभाळावर फोडणे सोयीचे असले तरी खरे नाही. पूर्वीही अवकाळी पाऊस कधीमधी येई. त्या वेळी मेंढपाळ कळप हलवून उंच, निचऱ्याच्या जागी, झाडीच्या आडोशाला नेई. हलण्याची मोकळीक हाच त्याचा विमा होता. ती मोकळीकच आता आटत चालली आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून एक कुंपण घातलेला रस्ता गेला. भिवंडीकडील गोदामांचा विस्तार पूर्वेकडे सरकतो आहे. मुरबाडच्या माळांवर मुंबईकरांची शेतघरे उभी राहिली असून त्यांना तारेचे कुंपण व फाटक आहे. जेथे भाताचे खाचर राहिले नाही तेथे मेंढरे बसविणार कोठे, आणि बसवून घेणार कोण? हवामान बदलाचा घाव आधीच अडचणीत सापडलेल्या माणसावर पडतो, म्हणून तो अधिक खोल जातो.

तिसरी गोष्ट लोकरीची. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी व बहुधा काळी. तिच्यापासून घोंगडी होई. मुरबाड तालुक्यातील म्हसा गावी पौष पौर्णिमेला भरणारी यात्रा बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि घोंगड्यांची विक्रीही तेथे होत आली आहे. कोकणातील शेतकरी पावसात घोंगडीची खोळ घेऊन लावणी करी. प्लास्टिकचे कापड आले आणि ती मागणी संपत आली. लोकर कातरण्याची मजुरीही सुटत नाही असे झाल्यावर मांसासाठी वजनदार, कमी लोकरीच्या जातींशी संकर करण्याकडे कल वाढला. बाजाराने सुचविलेला हा मार्ग होता. परंतु दूर चालणारी, कमी चाऱ्यावर तग धरणारी काटक मेंढी त्यामुळे मागे पडते, आणि नेमक्या याच गुणांची गरज येत्या काळात अधिक भासणार आहे.

यावर एक सरळ उपाय सुचविला जातो, तो म्हणजे मेंढपाळांनी आता एका जागी स्थिर व्हावे. हा विचार सद्भावनेने मांडला जातो, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. मुलांचे शिक्षण बुडते, बाळंतपण रस्त्यावर होते, बायकांना पहाटेपासून बिऱ्हाड बांधणे, उतरविणे, पाणी आणणे, कोकरे सांभाळणे यांतून उसंत मिळत नाही, हे सर्व खरे आहे. ज्या तरुणांना हा व्यवसाय सोडायचा असेल त्यांना तो सोडण्याचे साधन मिळालेच पाहिजे. पण स्थिर झालेल्या कळपाला चारा विकत घ्यावा लागतो, आणि पर्जन्यछायेच्या प्रदेशात तो चारा दुसऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावर पिकवावा लागतो. म्हणजे जी चाल आज फुकट मिळणाऱ्या गवतावर चालते तिच्या जागी भूजलाचा उपसा येतो. राज्य शासनाने मेंढपाळांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये चराई अनुदान देण्याची योजना आखली. तिचे स्वागत करावे. मात्र चार महिन्यांच्या अनुदानाने उरलेल्या आठ महिन्यांच्या वाटेचा प्रश्न सुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो येथील गरिबांचा आहे. शहापूर-मुरबाडमधील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासींनी दीर्घ लढ्यानंतर वनहक्क मिळविले. कोवळ्या रोपांत मेंढरे शिरली तर नुकसान त्यांचे होते. भातानंतरच्या ओलीवर वाल-हरभरा पेरणाऱ्या छोट्या शेतकऱ्याचेही तेच. शिवाय पाण्याची टंचाई आहे. तानसा, भातसा, मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी शंभर-दोनशे मेंढरांचा कळप पाणवठ्यावर आला तर कुरबूर होणारच. हा संघर्ष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु पाणी कमी पडते ते मेंढरे पितात म्हणून नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. काळू धरणाच्या प्रश्नावर मुरबाडच्या आदिवासींनी दिलेला लढा सर्वांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते काम थांबले. ज्यांना आपल्या जमिनीवरून दूर सारले जाण्याचा अनुभव आहे त्यांना वाट अडविलेल्या माणसाचे दुःख समजावून सांगावे लागू नये.

कायद्यात याला जागा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ (१) (ड) मध्ये स्थायिक तसेच स्थलांतर करणाऱ्यांचा चराईचा हक्क आणि भटक्या पशुपालकांचा हंगामी वापराचा हक्क स्पष्टपणे नमूद केलेला आहे. मात्र हक्काचा दावा ग्रामसभेपुढे करायचा असतो, आणि मेंढपाळाची वाट अनेक ग्रामसभांच्या हद्दींतून जाते. तेव्हा पुढाकार ग्रामसभांनी घेतला पाहिजे. कळप कोणत्या काळात यावेत, कोणते रान बंद, कोणते खुले, पाणी कोणत्या पाणवठ्यावर, नुकसान झाल्यास भरपाई किती, याचा लेखी करार दिवाळीपूर्वी होऊ शकतो. शेतकरी व मेंढपाळ यांच्यात असे तोंडी करार होतच आले आहेत. त्यांना सार्वजनिक व कायदेशीर रूप द्यावयाचे आहे, एवढेच.

आता नभोवाणीकडे परत येऊ. भारतीय हवामान विभागाच्या अंदाजात ठाणे जिल्हा 'कोकण व गोवा' या उपविभागात येतो, तर पुणे व अहिल्यानगर जिल्हे 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात. दोहोंमधील सीमा सह्याद्रीचा माथा आहे. मेंढपाळ नेमका तोच माथा ओलांडतो. घाटाच्या वाटेवर असलेल्या माणसाने कोणता अंदाज आपला मानावा? विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी'सारखे भ्रमणध्वनीवरील साधन उपयोगी आहे, पण घाटात संपर्क तुटतो आणि रानात यंत्र भारित करण्याची सोय नसते. दोन सेलवर महिनोन्‌महिने चालणारा ट्रान्झिस्टर अशा वेळी अजूनही कामाचा आहे.

या बाबतीत महाराष्ट्राजवळ स्वतःचा एक मोलाचा अनुभव आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'रेडिओ ग्रामसभां'चा प्रयोग केला. पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे, अशी ती पद्धत होती. ऐकणाऱ्याने नुसते ऐकू नये, बोलावेही, हे त्या प्रयोगाचे मर्म होते. त्याची पाहणी झाली, जगभर वाखाणणी झाली आणि पुढे इतर देशांनी त्याचे अनुकरण केले. पण त्यातील गट गावात बसणाऱ्यांचे होते. चालणाऱ्यांचा गट कुणाला सुचला नाही. अलीकडच्या काळात म्हसवड येथे २००८ पासून चालू झालेल्या 'माणदेशी तरंग' या सामुदायिक नभोवाणीने हे दाखवून दिले की दुष्काळी माणदेशातील सामान्य बायाबापड्यांच्या बोलीतही प्रसारण करता येते. माळशेज आणि कसारा या दोन घाटांच्या परिसरासाठी, दिवाळी ते मृग या काळात, रोज संध्याकाळी पाच मिनिटांचे घाटवाटेचे हवामान प्रसारित करणे अशक्य आहे काय? त्यात पाऊस व वाऱ्याचा इशारा असावा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची माहिती असावी, आणि आठवड्यातून एकदा वाटेवरील माणसाने स्वतःच्या शब्दांत आपला अनुभव सांगावा. शास्त्रज्ञांनाही त्यातून पुष्कळ शिकता येईल. कोणत्या पाणवठ्याचे पाणी किती आधी आटले, कोणते गवत यंदा उगवले नाही, याची माहिती दरवर्षी तीच वाट चालणाऱ्या माणसाइतकी दुसऱ्या कुणाजवळ नसते.

तात्पर्य, मागण्या चार आहेत, आणि त्यांत अवास्तव काही नाही. मेंढी जेथे मरेल त्या तालुक्यात एका दिवसात पंचनामा व्हावा आणि भरपाई मूळ गावच्या खात्यावर जमा व्हावी. घाटापासून भातखाचरांपर्यंतच्या परंपरागत वाटा महसुली नकाशावर नोंदविल्या जाव्यात आणि नव्या महामार्गांखालून कळप जाण्यास मार्ग ठेवावा. ग्रामसभा व मेंढपाळ यांचे हंगामी करार वनहक्क कायद्याखाली मान्य व्हावेत. आणि घाटवाटेच्या हवामानाचे प्रसारण सुरू व्हावे.

ज्या माणसाने हवा तापविण्यात जवळजवळ कोणताच वाटा उचललेला नाही त्याच्या मेंढ्या तापलेल्या समुद्रावरून आलेल्या पावसात मरतात. जागतिक परिषदांत श्रीमंत देशांनी गरीब देशांना नुकसानीचा मोबदला द्यावा, असे भारत आग्रहाने मांडतो. ती भूमिका न्याय्य आहे. तोच न्याय मुंबई आणि माळशेज यांच्यातील नव्वद-शंभर मैलांच्या आतही लागू करावा लागेल. दिल्लीला तो मागण्याचे काम चालू राहील. पण येत्या दिवाळीनंतर पहिला कळप घाट उतरेल तेव्हा वैशाखरे, टोकावडे किंवा डोळखांबच्या ग्रामसभेने त्याच्याशी काय ठरविले आहे, हे मात्र येथे बसलेल्या कार्यकर्त्यांवर अवलंबून आहे.